‘डार्कल’ आधी की ‘डार्कलिंग’?

इंग्रजी काव्याच्या अभ्यासकांत एक समजूत अशी रुजली आहे की, कितीही वेळा खुलासा केला तरी ती पुनःपुन्हा डोके वर काढते : ‘डार्कल’, म्हणजे झाकोळणे, हे अतिप्राचीन क्रियापद असून ‘डार्कलिंग’ हे त्याचे धातुसाधित होय. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे.

‘डार्कलिंग’ हे पंधराव्या शतकापासूनचे क्रियाविशेषण असून त्यातील ‘लिंग’ हा अवस्था किंवा दिशा दर्शविणारा प्रत्यय होता. तो प्रत्यय प्रचारातून गेल्यावर लोकांना शब्दाच्या अखेरीस धातुसाधिताचा ‘इंग’ भासू लागला, आणि तो काढून टाकून एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी ‘डार्कल’ हे क्रियापद घडविण्यात आले. ‘ग्रॉव्हलिंग’ या क्रियाविशेषणावरून घडलेल्या ‘ग्रॉव्हल’ (लोटांगण घालणे) या क्रियापदाची कुळकथाही हीच. दाखलाच हवा असेल, तर शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मधील विदूषक मेणबत्ती विझल्यानंतरच्या अवस्थेस ‘डार्कलिंग’ म्हणतो, तेव्हा ‘डार्कल’ जन्मासही आले नव्हते!

अर्थातील तफावतही ध्यानात घ्यावी. भाईंदरजवळच्या तारोडी गावी आषाढातल्या सायंकाळी समुद्रावरून ढग चढून येतात आणि माडांचे शेंडे, घरांची कौले, कुंपणे एकामागून एक झाकोळत जातात, ते ‘डार्कल’. परंतु वीज गेली असता, हाती दिवा नसल्यामुळे, त्याच गावच्या गल्लीतून भिंत चाचपडत घरी येणारा मनुष्य ‘डार्कलिंग’ येतो, म्हणजे अंधारात येतो. कीट्सने 1819 मध्ये बुलबुलाचे गान ऐकताना हा शब्द योजिला, तो याच अर्थाने. या क्रियाविशेषणाचे विशेषणही झाले. हार्डीच्या 1900 मधील कवितेच्या शीर्षकात ते आहे.

आता किरकोळ गैरसमज. ‘डार्कल’ म्हणजे केवळ अंधार पडणे नव्हे. अंधारात दडून राहणे आणि क्रोधाने मुद्रा काळवंडणे हेही त्याचे अर्थ असून, बायरनने ‘डॉन जुआन’च्या 1823 मधील सहाव्या सर्गात संतप्त कपाळाच्या शिरांविषयी ते वापरले आहे. ‘डकलिंग’मधील (बदकाचे पिल्लू) लघुत्ववाचक ‘लिंग’ ‘डार्कलिंग’मधल्याहून निराळा. ‘बिनायटेड’चा मूळ अर्थ अडाणी नव्हे, वाटेत रात्रीने गाठलेला. ‘डार्क’ हा शब्द ‘तमस्’पासून आलेला नाही, ‘तमस्’चा सगोत्र लॅटिन ‘तेनेब्रे’ होय.

शिक्षकांना आग्रहाची विनंती इतकीच की, वर्गात ‘डार्कलिंग’ची व्युत्पत्ती सांगण्यापूर्वी ऑक्सफर्डचा बृहत्कोश उघडावा आणि त्यातील अवतरणांचे सनवार दाखले विद्यार्थ्यांस स्वतः वाचावयास लावावेत.