खडकवासल्याचे द्वार

पुण्याजवळ खडकवासला येथे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. भूदल, नौदल व वायुदल यांचे भावी अधिकारी तेथे तीन वर्षे एकत्र शिक्षण घेतात. ३० मे २०२५ रोजी हा शिक्षणक्रम पूर्ण करून जे छात्र संचलन करीत बाहेर पडले, त्यांत सतरा तरुणी होत्या. या संस्थेच्या इतिहासात असे प्रथमच घडत होते. हे द्वार उघडण्यास इतका काळ का लागला, ते आपण पाहू.

स्त्रियांच्या ठायी शौर्य नव्हते, असे कोण म्हणेल? झाशीच्या राणी लक्ष्मीबाईने १८५८ मध्ये रणांगणावर देह ठेवला. १९४३ मध्ये नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी सिंगापूर येथे आझाद हिंद सेनेत तिच्याच नावाने स्त्रियांची पलटण उभारली व डॉ. लक्ष्मी स्वामीनाथन यांना तिचे नेतृत्व दिले. उणीव होती ती नियमांत. १९५० च्या सेना अधिनियमानुसार, केंद्र शासन ज्या शाखा जाहीर करील तेवढ्यांतच स्त्रियांना प्रवेश मिळू शके. त्यामुळे परिचर्या व वैद्यकीय सेवा यांपलीकडे त्यांना फारसा वाव नव्हता.

१९९२ साली रसदपुरवठा, शिक्षण, विधी अशा काही शाखा स्त्री-अधिकाऱ्यांना खुल्या झाल्या. मात्र ही नेमणूक प्रारंभी केवळ पाच वर्षांची होती. पुढे मुदत वाढत वाढत चौदा वर्षांवर गेली. परंतु निवृत्तिवेतनासाठी वीस वर्षांची सेवा आवश्यक होती! आयुष्यातील उमेदीची वर्षे देशसेवेत घालवूनही अनेकींना निवृत्तिवेतनाविना घरी परतावे लागे.

या अन्यायाविरुद्ध स्त्रियांनी न्यायालयात दाद मागितली. खेड्यापाड्यांतून आलेले जवान स्त्रीची आज्ञा मानण्यास मनाने सिद्ध नाहीत, असे कारण शासनातर्फे पुढे करण्यात आले. १७ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केले. बदलावयास हवी ती मनोवृत्ती, असा त्या निर्णयाचा आशय होता. त्यामुळे स्त्री-अधिकाऱ्यांना कायम नेमणुकीचा व तुकडीचे नेतृत्व करण्याचा मार्ग मोकळा झाला. २०२१ मध्ये त्याच न्यायालयाच्या आदेशाने प्रबोधिनीची प्रवेशपरीक्षाही मुलींना देता आली.

स्त्रियांच्या सहभागाने सुरक्षादलांचाही लाभच होतो. आफ्रिकेतील लायबेरिया हा देश यादवी युद्धाने होरपळला होता. २००७ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांच्या वतीने तेथे केवळ स्त्रियांचे पोलीस पथक पाठविले. पुरुष शिपायासमोर जी दुःखे सांगण्यास पीडित स्त्रिया संकोचत, ती या पथकापाशी त्यांना सांगता आली. शस्त्रधारी स्त्रिया रस्त्यांवर पहारा देताना पाहून तेथील तरुणींनाही पोलीसदलात जाण्याची प्रेरणा मिळाली.

२०१६ पासून वायुदलाची लढाऊ विमाने स्त्रियाही चालवू लागल्या. तथापि पायदळ व रणगाडादल यांची द्वारे २०२५ पर्यंत त्यांना खुली झालेली नव्हती. हा प्रवास अद्याप अपुरा आहे. शत्रूची गोळी स्त्री-पुरुष असा भेद करीत नाही. म्हणून सैनिकाची परीक्षाही कठोर आणि सर्वांना सारखीच असावयास हवी. मात्र त्या परीक्षेस बसण्याचा अधिकार कोणासही जन्मावरून नाकारला जाऊ नये. त्या सतरा जणींनी हा अधिकार मिळताच आपली पात्रता सिद्ध करून दाखविली.