आधी संख्या, मग नाव

मे महिन्यात अलिबाग तालुक्यात संध्याकाळी कुठल्याही रस्त्याने निघालात, तर एखाद्या गावाच्या कडेला झोताचे दिवे दिसतातच. भात कापून रिकामं झालेलं शेत, चोपून पाणी मारलेली माती, फक्कीने आखलेल्या रेषा आणि चार कोपऱ्यांत बांबूंना बांधलेले कर्णे. मी इथे कबड्डीचं समालोचन करतो आणि रात्री घरी जाऊन बातमी लिहितो. यंदा नववीची परीक्षा देऊन मोकळी झालेली एक मुलगी हे काम शिकायला माझ्याबरोबर आली. वेगवेगळ्या गावांत मिळून नऊ रात्री ती गुणलेखकाच्या टेबलाशी बसली. शाळेच्या संघात ती डाव्या कोपऱ्यावर खेळते, त्यामुळे खेळ तिला शिकवायचा नव्हता. तो ऐकणाऱ्याला कसा सांगायचा, एवढंच शिकायचं होतं.

पहिल्या रात्री माईक हातात आला आणि ती सुसाट सुटली. चढाई ३० सेकंदांची. तेवढ्या वेळात तिला पायांची हालचाल, प्रेक्षकांचा उत्साह, आयोजकांचे आभार असं सगळंच सांगायचं होतं. एक चढाई सांगून होईपर्यंत समोरच्या संघाची चढाईपटू मध्यरेषा ओलांडून आत आलेली असायची. त्यातच लांबच्या कर्ण्यावरून स्वतःचाच आवाज क्षणभर उशिरा परत यायचा आणि ती अडखळायची. मैदान शंभर मीटरच्या आसपास पसरलेलं असलं, की ध्वनीला तिथून यायला सेकंदाचा जवळजवळ तिसरा हिस्सा लागतो. यावर उपाय एकच: परत येणारा आवाज ऐकायचा नाही, वाक्य लहान करायचं आणि दोन वाक्यांमध्ये श्वास घ्यायचा. माईक तोंडापासून मूठभर लांब आणि किंचित तिरका धरायचा, कारण ‘पकड’ आणि ‘भक्कम’ हे आमचे रोजचे शब्द, आणि त्यातला प आणि भ सरळ माईकवर आदळला तर कर्ण्यातून स्फोटच होतो.

मध्यंतराला सरपंच, म्हणजे सामन्याचे मुख्य पंच, स्वतः टेबलाशी आले. शांतपणे म्हणाले, “बाळा, मला दम ऐकू येत नाहीये.” तिचा चेहरा उतरला. पण त्यांचं बरोबर होतं. मध्यरेषेवर झटापट होते तेव्हा चढाईपटूचा दम टिकला की तुटला, यावर निकाल ठरतो, आणि कर्ण्यातल्या आवाजाखाली तो दम बुडून जातो. तेव्हापासून आमचा नियम ठरला: पकड पडली की अंगठ्याने माईक बंद.

दुसरी अडचण नावांची. इथल्या संघांत पाठीवर पाटील, म्हात्रे, ठाकूर हीच आडनावं. एका संघात सातांपैकी चौघी पाटील होत्या. “पाटीलची चढाई” म्हटलं तर कोणाची? म्हणून सामन्याआधी दोन्ही संघांच्या बाकाशी जाऊन प्रत्येकीचं पहिलं नाव, क्रमांक आणि जागा विचारून घ्यायची, नावाचा उच्चार तिच्याच तोंडून ऐकायचा. मैत्रिणी जे टोपणनाव घेतात, ते तिला विचारल्याशिवाय माईकवर घ्यायचं नाही. हे काम तिने पहिल्याच दिवसापासून इतकं मन लावून केलं, की तिसऱ्या गावात मुली तिला आपणहून हाक मारू लागल्या.

तिच्या बोलण्यावर टीव्हीची छाप होती. प्रो कबड्डी २०१४ साली सुरू झाली, म्हणजे ही पिढी तिच्याबरोबरच वाढली. पण तिथे पडद्याच्या कोपऱ्यात गुण, वेळ, सगळं लिहिलेलं असतं. समालोचकाने नुसता जोश भरला तरी चालतं. आमच्याकडे मागच्या रांगेत उभ्या माणसाला पुढच्याचं डोकंच दिसतं. त्याच्यासाठी आम्ही आकाशवाणीच आहोत. बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवरून मराठीत क्रिकेटचं धावतं वर्णन केलं, तेव्हा ऐकणाऱ्याला काहीच दिसत नव्हतं. ती परंपरा आज शिल्लक असेल तर ती या कर्ण्यांत आहे, असं मला मनापासून वाटतं.

खरा धडा मात्र माझ्याकडून मिळाला नाही. तिसऱ्या रात्री एका गुणाने हरलेल्या संघाच्या चढाईपटूशी ती बोलायला गेली. आधी “कसं वाटतंय?” असं विचारलं. त्या मुलीने नुसती मान हलवली. मग हिने विचारलं, “शेवटच्या चढाईत बोनस सोडून उजव्या कोपऱ्यावर का गेलीस?”

ती चटकन वर बघून म्हणाली, “अगं, पाचच जणी होत्या. बोनस कुठला?”

समोर किमान सहा जणी असल्या तरच बोनस मिळतो. हिच्या वहीत सहा लिहिलेल्या होत्या. आधीच्या चढाईत एक बाद झाली, तेव्हा ही माईकवर दुसरंच काही सांगत होती. पण प्रश्न नेमका असल्यामुळे ती मुलगी बोलू लागली. सामनाभर त्या कोपरारक्षकाचा डावा पाय पुढे असायचा, त्याला पायस्पर्श करायचा बेत होता. पण कोपऱ्यावरच्या मुलीने तो पाय ऐन वेळी मागे घेतला आणि मधून साखळी बंद झाली. इतकं तर मलाही टेबलावरून दिसलं नव्हतं.

कबड्डीत सगळा अर्थ संख्येवर उभा असतो. सहा असतील तर बोनस, तीन किंवा कमी असतील तर अव्वल पकडीची संधी, एकच उरली असेल तर ती बाद होताच लोण. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो. चौथ्या रात्रीपासून तिचं प्रत्येक वाक्य संख्येने सुरू होऊ लागलं. “पाच विरुद्ध सात. चढाईला नऊ क्रमांक, सायली.” मग गप्प. बाद झालेल्या मुली मागे ओळीने बसतात आणि बसल्या त्याच क्रमाने परत येतात, म्हणून ती त्या ओळीकडेही बघायला शिकली. पुढची कोण उठणार, हे तिला आधीच ठाऊक असायचं.

बातमीत अजून तिचा हात बसायचाय. ‘अटीतटीच्या लढतीत’ हे शब्द तिच्या पहिल्या चारही बातम्यांत होते. ज्या भाषेत वि. वि. करमरकरांनी खेळाच्या बातमीला मानाचं पान मिळवून दिलं, तिथे हे शब्द फार झिजलेत. मी ते खोडत गेलो. आठव्या रात्री तिने लिहिलं, ‘मध्यंतराला सात गुणांनी मागे पडलेल्या संघाने एकाच चढाईत तीन गडी टिपून सामना फिरवला.’ मी काहीच खोडलं नाही.

नवव्या रात्री महिलांचा अंतिम सामना तिने एकटीने सांगितला. २३-२४, शेवटचं मिनिट. मागे पडलेल्या संघाच्या तिघीच मैदानात. “तीन विरुद्ध सहा,” ती म्हणाली, “अव्वल पकडीची संधी,” आणि अंगठा दाबला. सगळ्या मैदानावर एकच दम ऐकू येत राहिला. डाव्या कोपऱ्याने घोटा धरला, बाकी दोघी वर पडल्या, दम तुटला, सरपंचांचा हात वर गेला.

“अव्वल पकड. दोन गुण. २५-२४. इकडे आता चार, तिकडे पाच.” गुण दोन मिळाले तरी परत येते एकच, हे तिने गोंधळ न होऊ देता सांगितलं. तोवर मागच्या ओळीतली पहिली मुलगी गुडघ्यांवरची माती झटकत उठली होती. तिचं नाव आणि क्रमांक माईकवरून आला, तेव्हा ती अजून शेवटच्या रेषेपर्यंतही पोहोचली नव्हती.