हिवाळी चाके आणि दाबाचा दिवा : एका संकेताच्या अर्थाचा विचार

बैलगाडीच्या लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी बसवितात तिला मराठीत 'धाव' म्हणतात. ती बसविताना आगीत तापवितात, वाढलेल्या स्थितीत चाकावर चढवितात आणि तिच्यावर पाणी ओततात. निवताना ती आकसते व चाकाला घट्ट आवळते. उष्णतेने प्रसरण व थंडीने आकुंचन हा पदार्थविज्ञानाचा नियम खेड्यातील लोहाराला पुस्तकावाचून ठाऊक असतो. मोटारीच्या चाकावर लोखंडाची जागा रबराने व त्यात कोंडलेल्या हवेने घेतली, तेव्हा हाच नियम निराळ्या रूपाने पुढे आला. धाव थंडीने घट्ट बसते. टायर मात्र थंडीने सैल पडतो.

ज्या देशांत हिवाळ्यात रस्ते बर्फाखाली जातात, तेथे या सैलपणाची वर्दी चालकाला देण्यासाठी मोटारीत एक छोटा दिवा असतो. त्याच देशांत दर हिवाळ्याच्या तोंडाशी मोटारीची चारही चाके बदलण्याचीही रीत आहे. या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे दिव्याचा अर्थ काय राहतो, हा प्रश्न वरवर पाहता कारागिराचा आहे. वस्तुतः तो संकेत आणि अर्थ यांच्या संबंधाचाही आहे. त्याचा उलगडा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

१. थंडी आणि कोंडलेली हवा

टायरमधील हवेचे आकारमान जवळजवळ स्थिर असते. अशा स्थितीत हवेचा निरपेक्ष दाब निरपेक्ष तपमानाच्या प्रमाणात बदलतो. येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. पंपावरील मापक जो आकडा दाखवितो तो बाहेरच्या वातावरणाच्या दाबाहून अधिक असलेला दाब होय. निरपेक्ष दाब काढण्यासाठी त्यात सुमारे १ बार मिळवावा लागतो.

समजा, एका मोटारीसाठी २.३ बार दाब सांगितला आहे आणि २० अंश सेल्सियस तपमानाच्या उबदार कारखान्यात तो अचूक भरला. निरपेक्ष दाब ३.३ बार झाला. ती मोटार बाहेर उणे २० अंशांच्या थंडीत रात्रभर उभी राहिली, तर निरपेक्ष तपमान २९३ वरून २५३ वर येते आणि दाब सुमारे २.८५ बार होतो; म्हणजे मापकावर १.८५ बार दिसतो. टायरला छिद्र नाही, वॉल्व्ह गळत नाही, तरी सांगितलेल्या दाबाचा जवळजवळ पाचवा हिस्सा नाहीसा झाला. यासाठीच टायरमधील दाब तो थंड असताना, म्हणजे गाडी काही तास उभी राहिल्यानंतर, आणि ज्या हवेत ती चालवावयाची त्याच हवेत मोजावा असे सांगतात.

दाब कमी झाला की टायरच्या बाजू अधिक वाकतात. प्रत्येक फेऱ्यात हे वाकणे व सरळ होणे घडत असल्याने रबरात उष्णता साठते, थर एकमेकांपासून सुटू लागतात आणि वेगात असताना टायर फाटण्याचा संभव वाढतो. शिवाय इंधन अधिक जळते आणि वळणावर गाडी आवरणे अवघड होते. निसरड्या रस्त्यावर या शेवटच्या दोषाचे मोल फार मोठे असते.

२. देखरेखीच्या दोन पद्धती

दाबावर लक्ष ठेवण्याच्या दोन पद्धती प्रचारात आहेत. पहिली प्रत्यक्ष पद्धती. हिच्यात प्रत्येक चाकाच्या आत, बहुधा वॉल्व्हच्या बुडाशी, एक लहानसा संवेदक बसविलेला असतो. दाब व तपमान मोजणारा अर्धवाहकाचा तुकडा, चाक फिरते आहे की नाही हे ओळखणारा घटक, रेडिओ-प्रेषक आणि लिथियमचा विद्युत्घट हे त्याचे भाग होत. गाडी चालू असताना तो ठराविक अंतराने संदेश पाठवितो; उभी असताना घट वाचविण्यासाठी बहुधा मौन पाळतो. उत्तर अमेरिकेत या संदेशासाठी मुख्यतः ३१५ व युरोपात ४३३.९२ मेगाहर्ट्झची कंप्रता वापरतात. प्रत्येक संवेदकाला स्वतःचा ओळखक्रमांक असतो व तो संदेशाबरोबर जातो. शेजारून जाणाऱ्या मोटारीचा संदेश आपला समजण्याची चूक त्यामुळे टळते.

दुसरी अप्रत्यक्ष पद्धती. हिच्यात चाकाच्या आत काहीच नसते. ब्रेक दाबताना चाक अडकून घसरू नये म्हणून प्रत्येक चाकाची गती मोजणारी जी यंत्रणा असते, तिच्याच आकड्यांवरून येथे अनुमान केले जाते. ज्या टायरमधील हवा उतरली त्याची त्रिज्या किंचित घटते, म्हणून तेवढेच अंतर कापण्यास त्याला अधिक फेरे घ्यावे लागतात. ही पद्धती स्वस्त आहे; परंतु ती तुलनेवर आधारलेली असल्याने चारही टायर सारखेच सैल पडले तर तिच्या साध्या प्रकाराला ते कळत नाही. चाकाच्या कंपनांचे पृथक्करण करून हा दोष पुढील काळात बराच कमी करण्यात आला. तथापि 'योग्य दाब कोणता' हे तिला चालकानेच शिकवावे लागते. हवा भरून झाली की एक कळ दाबावयाची, आणि त्या क्षणीची स्थिती यंत्रणा प्रमाण म्हणून स्वीकारते. हवा न भरताच कळ दाबली तर चूक हीच प्रमाण ठरते.

३. कायद्यातील एक शब्द

प्रवासी मोटारीत अशी यंत्रणा प्रथम आली ती १९८६ सालच्या पोर्श ९५९ या गाडीत. तिचा सार्वत्रिक प्रसार मात्र अपघातांमुळे झाला. २००० सालच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत फायरस्टोन कंपनीने सुमारे ६५ लक्ष टायर परत मागविले. फोर्ड एक्स्प्लोरर या मोटारी टायर फाटून उलटल्याच्या घटनांत अनेकांचे प्राण गेले होते. त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरला जो कायदा संमत झाला, त्याने एखादा टायर लक्षणीय प्रमाणात सैल पडल्यास चालकास तशी सूचना देणारी यंत्रणा नव्या मोटारींत आवश्यक केली.

आता 'एखादा' याचा अर्थ काय? चारांपैकी कोणताही एक आणि एकाच वेळी एकच, की चारांपैकी जो जो सैल पडेल तो तो? २००२ सालच्या पहिल्या नियमाने उत्पादकांना काही काळ विकल्प दिला होता : चारही टायरांवर देखरेख करून २५ टक्के घट झाल्यास सूचना द्यावी, किंवा केवळ एक टायर ३० टक्क्यांनी उतरल्यास द्यावी. दुसरा विकल्प अप्रत्यक्ष पद्धतीच्या सोयीचा होता. २००३ साली संघीय अपील न्यायालयाने हा नियम रद्द केला. कायद्याला चारही टायरांवरील देखरेख अभिप्रेत आहे असे त्याने ठरविले. २००५ साली नवा नियम झाला आणि १ सप्टेंबर २००७ पासून अमेरिकेतील सर्व नव्या हलक्या मोटारींत, दाब २५ टक्के किंवा त्याहून अधिक घटल्यास वीस मिनिटांच्या आत दिवा लागलाच पाहिजे असे बंधन आले. युरोपीय संघात नव्या प्रवासी मोटारींना हे बंधन १ नोव्हेंबर २०१४ पासून सरसकट लागू झाले. भारतात २०२० सालच्या दुरुस्तीने, दाबसूचक यंत्रणा व टायर-दुरुस्तीचा संच असलेल्या हलक्या प्रवासी मोटारींना जादा चाक बाळगण्यातून सूट मिळाली. कॅनडाने मात्र अशी सक्ती केली नाही. अमेरिकेसाठी बनलेल्या मोटारीच तेथेही विकल्या जात असल्याने यंत्रणा आली ती बाजाराच्या वाटेने.

४. हिवाळी टायर व त्यावरील खुणा

उन्हाळी टायरचे रबर सुमारे ७ अंश सेल्सियसच्या खाली कडक होऊ लागते आणि रस्त्यावरची त्याची पकड सुटते. हिवाळी टायरच्या रबराची घडण अशी असते की ते कडाक्याच्या थंडीतही लवचिक राहते. त्याची नक्षी खोल असते आणि नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर बारीक चिरा असतात. त्यांच्या कडा बर्फात रुततात. या टायरचा जन्म फिनलंडचा. तेथील एका रबर-कारखान्याने १९३४ साली मालमोटारींसाठी आणि १९३६ साली प्रवासी मोटारींसाठी असे टायर काढले.

टायरच्या बाजूवर दोन प्रकारच्या खुणा आढळतात. 'एम अधिक एस', म्हणजे चिखल व बर्फ, ही जुनी खूण नक्षीच्या आकारावर अवलंबून आहे. ती मिळण्यासाठी बर्फावरील कसोटी लागत नाही. दुसरी खूण तीन शिखरांच्या डोंगरात कोरलेल्या हिमस्फटिकाची. ती १९९९ साली अमेरिका व कॅनडातील रबर-उद्योगाच्या संघटनांनी ठरविली, आणि ती धारण करण्यास टायरने बर्फावरील पकडीची प्रत्यक्ष परीक्षा उतरावी लागते. पहिली खूण उत्पादकाचे विधान आहे, दुसरी विधानाच्या मागे असलेले प्रमाण. कॅनडातील क्वेबेक प्रांताने हिवाळी टायरांची सक्ती २००८ साली केली. काही वर्षे तेथे पहिली खूणही चालत असे, २०१४ च्या डिसेंबरपासून केवळ दुसरी ग्राह्य धरली गेली. सक्तीचा काल आरंभी १५ डिसेंबर ते १५ मार्च असा होता. २०१९ पासून तो १ डिसेंबरला सुरू होतो. जर्मनीत तारखेऐवजी रस्त्याची स्थिती हा निकष आहे. पण लोकांनी आपल्या सोयीसाठी 'ओ पासून ओ पर्यंत' असे सूत्र केले आहे. ऑक्टोबर आणि ईस्टर या दोहोंची जर्मन नावे ओकाराने सुरू होतात.

५. चाके बदलतात तेव्हा

नोव्हेंबरात चालकापुढे तीन मार्ग असतात. पहिला, त्याच रिमवरून उन्हाळी टायर काढून हिवाळी चढविणे. संवेदक जागचा हलत नाही, म्हणून यंत्रणा अबाधित राहते; परंतु वर्षातून दोनदा टायर उपसताना संवेदकाला इजा होण्याचा धोका असतो.

दुसरा मार्ग, रिमांचा दुसरा संच घेऊन त्यात नवे संवेदक बसविणे. येथे ओळखक्रमांकांचा प्रश्न उभा राहतो. काही मोटारी थोडे अंतर चालताच नवे क्रमांक आपण होऊन शिकतात. काहींना ते कारखान्यातील उपकरणाने शिकवावे लागतात. काही दोन्ही संच स्मरणात ठेवतात. असेही संवेदक मिळतात की ज्यांत जुन्याच संवेदकांचे क्रमांक उतरविता येतात. संवेदकाचा घट साधारणतः पाच ते दहा वर्षे टिकतो आणि तो राळेत बंदिस्त असल्याने संवेदकच बदलावा लागतो. रस्त्यावर पसरलेल्या मिठाने अॅल्युमिनियमचे वॉल्व्ह गंजतात, हीही एक अडचण.

तिसरा मार्ग खर्च वाचविण्याचा : दुसऱ्या संचात संवेदक बसवावयाचेच नाहीत. अमेरिकी कायदा दुरुस्तीच्या व्यावसायिकांना सुरक्षिततेची चालू यंत्रणा जाणूनबुजून निकामी करण्यास मनाई करतो. मोटारीच्या मालकाला तो ती मनाई करीत नाही. जेथे ही यंत्रणाच कायद्याने आवश्यक नाही, तेथे हा मार्ग खुला आहे. मात्र त्याचे मोल दिव्याला द्यावे लागते.

६. व्याप्ती आणि व्यभिचार

दिव्यावरील चित्र म्हणजे टायरचा आडवा छेद व त्याच्या पोटात उद्गारचिन्ह. अमेरिकी नियमाप्रमाणे ज्या मोटारींत दोन्ही सूचना या एकाच दिव्याने देतात, तेथे त्याला दोन अर्थ आहेत. तो लागला आणि स्थिर राहिला तर टायरमध्ये हवा कमी आहे. तो प्रथम ६० ते ९० सेकंद लुकलुकला आणि मग स्थिर झाला तर यंत्रणेतच बिघाड आहे, म्हणजे टायरविषयी तिला काहीच सांगता येत नाही. दोन अर्थांना वेगळे करणारा भेद केवळ पहिल्या दीड मिनिटाचा आहे. त्यानंतर दोन्ही दिवे एकसारखेच दिसतात. ज्याने गाडी सुरू होताना तिकडे पाहिले नाही, त्याला 'हवा कमी आहे' आणि 'मला ठाऊक नाही' यांतील अंतर समजण्यास मार्ग उरत नाही.

न्यायशास्त्रात धुरावरून अग्नीचे अनुमान हे नेहमीचे उदाहरण आहे. ते अनुमान टिकते ते व्याप्तीच्या बळावर, जेथे धूर तेथे अग्नी असतोच या नियत साहचर्याच्या बळावर. अग्नी नसताही धूर आढळू लागला की हेतू सव्यभिचार होतो आणि त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. संवेदकाविना हिवाळी चाके बसविलेल्या मोटारीत नेमके हेच घडते. डिसेंबरपासून मार्चपर्यंत दिवा जळतच राहतो. टायरची स्थिती उत्तम असो वा नसो, तो जळतोच. चालकाची दृष्टी त्याला सरावते. एखाद्या रात्री खिळा रुतून टायर खरोखरच उतरू लागला, तर सांगण्याजोगे नवे असे दिव्यापाशी काही उरलेले नसते.

याउलट कडाक्याच्या सकाळी लागणारा आणि काही मैलांनंतर विझणारा दिवा पुष्कळांना खोटा वाटतो, पण तो खरा असतो. वरील उदाहरणात कारखान्यात २.३ ऐवजी २.१५ बार हवा भरली असती, तर उणे २० अंशांत ती १.७२ बारवर आली असती, आणि २५ टक्क्यांची मर्यादा १.७२५ बार आहे. गाडी चालून टायर तापतो, दाब वाढतो, दिवा विझतो. परंतु थंड टायरमधील हवा कमी आहे हे त्याचे म्हणणे खोटे ठरत नाही. येथे व्याप्ती अभंग आहे. चूक ऐकणाऱ्याची आहे.

म्हणून व्यवहाराचा निष्कर्ष थोडक्यात सांगता येतो. शक्य असेल तर दुसऱ्या संचातही संवेदक असावेत आणि त्यांचे क्रमांक मोटारीने शिकले आहेत याची खात्री करून घ्यावी. अप्रत्यक्ष पद्धती असेल तर आधी हवा, मग कळ, हा क्रम मोडू नये. आणि ज्याने संवेदकाविना चाके घेतली, त्याने हिवाळाभर दिव्याला मूक समजून दर पंधरवड्याला हातातील मापकाने चारही टायर स्वतः तपासावेत. बोलणारा गप्प झाला आहे हे ठाऊक असणे आणि तो बोलत आहे असे समजून त्याच्याकडे दुर्लक्ष करणे, यांत बर्फाळ रस्त्यावर जिवाचे अंतर असू शकते.