जुन्या मोटारीचे इंजिन

मोटार जुनी झाली की ती विकून टाकावी, असा आजचा रिवाज आहे. तथापि पेडणे किंवा डिचोलीच्या बाजूस एखाद्या घराच्या पडवीलगत अजूनही क्वचित अ‍ॅम्बॅसॅडर अथवा प्रीमियर पद्मिनी उभी दिसते. ती शोभेची वस्तू नसते. मालक रोज सकाळी तीच काढून कोलवाळचा पूल ओलांडतो आणि अस्नोड्यावरून डिचोलीस कामावर जातो. गाडी बहुधा वडिलांनी घेतलेली असते, त्यामुळे तिचा व्यवहार निव्वळ हिशेबाचा राहत नाही. अशा गाडीचे इंजिन थकले म्हणजे घरात प्रश्न उभा राहतो : तेच दुरुस्त करावे की दुसरे बसवावे, आणि बसवायचे तर कोणते?

प्रथम मूळ इंजिन खरोखर संपले आहे काय, हे पाहावे. धूर येतो, चढावर दम लागतो, एवढ्यावरून निकाल देऊ नये. मेस्त्रीकडून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजून घ्यावा. दाब कमी भरल्यास त्या सिलिंडरात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावा. आता दाब वाढला तर झीज पिस्टनच्या रिंगांची व सिलिंडरची. न वाढल्यास दोष बहुधा व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा. व्हॉल्व्ह घासून बसवण्याचे काम अल्प खर्चाचे असते. सिलिंडर झिजला असला तरी रिबोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन घालता येतात. पद्मिनीचे 1089 घनसेंटिमीटरचे आणि अ‍ॅम्बॅसॅडरचे 1489 घनसेंटिमीटरचे जुने पेट्रोल इंजिन अशा दुरुस्तीस मुळातच सोयीचे आहे. म्हणून ब्लॉक तडकला नसेल आणि सुटे भाग मिळत असतील, तर पहिला मान मूळ इंजिनालाच द्यावा.

दुसरे इंजिन घेणे अटळच झाले, तर त्याच घराण्यातले पाहावे. अ‍ॅम्बॅसॅडरमध्ये 1990 नंतरच्या दशकात कारखान्यानेच इसुझूचे 1817 घनसेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन व पाच गतींचा गिअरबॉक्स बसवला होता. पद्मिनीच्या कारखान्याने 1985 मध्ये काढलेल्या 118 एनई या गाडीत निस्सानचे 1171 घनसेंटिमीटरचे इंजिन होते. अशा इंजिनांचे स्वभाव आपल्याकडील मेस्त्र्यांच्या परिचयाचे आहेत. मात्र इंजिन एकटे येत नाही. त्याच्याबरोबर गिअरबॉक्स, क्लच, माउंटिंग, रेडिएटर आणि कित्येकदा मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टची लांबी, या सर्वांचा विचार करावा लागतो.

डिझेलचा मोह डिचोलीत विशेष असतो. खनिजवाहू ट्रकांमुळे तेथे डिझेलचे मर्म जाणणारे हात पिढ्यान् पिढ्या घडले आहेत. परंतु डिझेल इंजिन वजनाने जड व धक्क्याने कठोर असते. पद्मिनीसारख्या हलक्या गाडीच्या पुढच्या स्प्रिंगांवर आणि स्टिअरिंगवर त्याचा भार पडतो. रोजचे धावणे पुष्कळ असेल तरच इंधनातील बचत त्या खर्चाला पुरी पडते.

अधिक ताकदीच्या इंजिनाविषयी तर एक हिशेब मनात पक्का ठेवावा. गाडी ताशी 60 किलोमीटरऐवजी 80 ने धावू लागली, तर वेग एकतृतीयांशाने वाढतो. पण ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा जवळजवळ पावणेदोनपट होते. जुन्या गाडीचे ड्रम ब्रेक तेच राहिले आणि इंजिन मात्र तरणेबांड आले, तर पावसाळ्यात चोर्ला घाट उतरताना त्याचे मोल भरावे लागेल. तेव्हा आधी ब्रेक सुधारावेत आणि मग ताकदीचा विचार करावा.

इंधनही आता पूर्वीचे उरले नाही. 2000 साली देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, तेव्हा बिडाच्या हेडच्या इंजिनांत व्हॉल्व्हच्या बैठका झिजण्याचा धोका निर्माण झाला. हेड उघडलेच आहे, तर तेथे कठीण पोलादाच्या बैठका बसवून घ्याव्यात. अलीकडे पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या रबरी नळ्या व पंपाचा पडदा खराब करते, शिवाय हवेतील ओलावा शोषून घेते. नळ्या नव्या प्रतीच्या घालाव्यात. गाडी रोज चालणारी असेल तर टाकीत पेट्रोल फार दिवस साचून राहत नाही, हा तिचा एक लाभच होय.

शेवटची बाब कागदपत्रांची. पण ती शेवटी सांगितली म्हणून शेवटी करू नये. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम नोंदणीतील तपशिलाशी विसंगत बदल करण्यास मनाई करते. इंजिनाचा क्रमांक, इंधन व आकारमान ही सर्व नोंदणीपुस्तकात असतात. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी वाहतूक कार्यालयात जाऊन, ठरवलेले इंजिन मंजूर होईल काय, हे विचारावे. आणि जुन्या इंजिनाची खरेदीपावती व मूळ गाडीचे कागद हाती असल्याखेरीज सौदा करू नये. अनोंदलेले इंजिन अपघाताच्या दिवशी विम्याच्या आड येते.

2021 च्या नियमांनी 50 वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील गाड्यांना विंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली आहे. पण तशा गाडीला नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. म्हणजे एक तर तिला जपून ठेवावे, नाहीतर साधी नोंदणी ठरल्या वेळी नूतन करून तिच्याकडून काम घ्यावे. दोन्ही एकदम साधणार नाही.

सारांश, रोजच्या गाडीला उत्तम इंजिन कोणते? ज्याचा सुटा भाग आठवड्याच्या आत हाती येतो, ज्याची खोड गावचा मेस्त्री ओळखतो, ज्याला आवरण्याची शक्ती ब्रेकांत आहे आणि ज्याचा क्रमांक पुस्तकात आहे, ते. पुष्कळदा असे इंजिन शोधावयास दूर जावे लागत नाही. ते गाडीच्या बॉनेटखालीच, दुरुस्तीची वाट पाहत बसलेले असते.