कपाटातला दुसरा डबा

पावसाळ्यात औंढा नागनाथच्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशाचा रुग्ण आला, तर सर्पविषप्रतिबंधक लशीच्या कुप्या तेव्हाच कपाटात हव्यात. मागणी पाठवून वाट पाहायला वेळ कुठला?

टोयोटाच्या कारखान्यात ताइइची ओनो यांनी रुजवलेली ‘कानबान’ पद्धत इथे कामी येते. एका औषधाचे दोन डबे ठेवायचे. पहिला रिकामा झाला की त्यातलं कार्डच मागणीपत्र. नवा माल येईपर्यंत दुसरा डबा पुरवायचा. त्यात किती ठेवायचं? रोजचा खप गुणिले माल यायला लागणारे दिवस. रोज 20 गोळ्या आणि 15 दिवस, म्हणजे 300. वर थोडी जादा शिल्लक. सर्पदंशाच्या लशीला मात्र वर्षाची सरासरी लावणं धोक्याचं. जूनपासून शेतीची कामं आणि साप दोन्ही वाढतात, म्हणून डबा हंगामानुसार मोठा करावा लागतो.

आधी आलेलं आधी द्यावं, हा किराणा दुकानाचा नियमही इथे अपुरा. नंतर आलेल्या खोक्याची मुदत आधी संपू शकते, म्हणून मुदत पाहूनच रचायचं. सरकारी रुग्णालयांतली ‘ई-औषधी’ संगणकप्रणाली साठा आणि मुदत दाखवते, पण कुपी काढतानाच नोंद झाली तरच. रात्रपाळीत नेमकी तीच राहून जाते.