वॉशिंग मशीनचा पंचनामा

बंद पडलेल्या मशीनचा निकाल ते उघडण्याआधीच लावायची आपल्याकडे घाई असते. "सात वर्षं झाली, आता त्यात काय पैसे घालायचे?" असं कोणी म्हणतं. कोणी सांगतं की दुरुस्ती निम्म्या किमतीवर गेली की नवीनच घ्यावं. हा निम्म्याचा हिशेब कानाला बरा वाटतो, पण मशीन बिघडलं कशामुळे, हे त्यात कुठेच येत नाही. रायगड जिल्ह्यातल्या कासू, गडब, वडखळच्या पट्ट्यात तर तोच प्रश्न पहिला विचारायला हवा. जवळ खाडी, घरामागे भातशेती आणि चार महिने पाऊस. इथली बरीच मशीनं म्हातारी होऊन नाही, तर ठेवलेल्या जागेपायी जातात. जागा तशीच ठेवून नवीन आणलं, तर तेही त्याच वाटेनं जाणार.

सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे "मोटर जळली." सेमी ऑटोमॅटिक मशीन बटण फिरवल्यावर नुसतं गुणगुणत असेल आणि आतली चकती हलत नसेल, तर पहिला संशय कपॅसिटरवर घ्यावा. तो दोन-तीनशे रुपयांत येतो. मोटर फिरते पण चकती फिरत नाही, म्हणजे बेल्ट सुटला किंवा घासला. जळालेल्या मोटरला करपट वास येतो आणि तो लपत नाही. मात्र प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठलेली राहते, तेव्हा तो हात घालून बघायचा प्रकार नाही. मेकॅनिकनं पार्ट बदलला की जुना पार्ट मागून घ्यावा. यात संकोच कसला?

ऑटोमॅटिक मशीन अचानक पूर्ण मुकं झालं, तर बोर्ड गेला असं सांगतात आणि काही हजारांचा आकडा पुढे येतो. त्याआधी मशीन तिरकं करून खालून टॉर्च मारायला सांगा. भात कापून झालं की शेतातले उंदीर घराकडे वळतात. मशीनच्या खालची मोकळी जागा त्यांना आयती मिळते आणि कुरतडायला वायरी असतातच. एखादी तुटलेली वायर जोडून, खाली जाळी बसवली की काम भागतं. उंदरानं केलेलं नुकसान बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत बसत नाही, म्हणून जाळी पहिल्या दिवशीच बसवलेली बरी.

वॉरंटीचाच आणखी एक घोळ. दारावर "10 वर्षं" असं ठळक छापलेलं असतं, ते बहुतेक वेळा फक्त मोटरसाठी असतं. बोर्ड, व्हॉल्व्ह, पंप, रबर यांची मुदत दोन वर्षांत किंवा त्याआधीच संपते. मोटर फुकट मिळाली तरी येण्याजाण्याचा आणि बसवण्याचा आकार लागू शकतो. वाद झालाच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. केंद्र सरकारनं डिसेंबर 2022 मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, तिथं कंपन्यांची सेवा केंद्रं आणि वॉरंटीची माहिती पाहता येते. तुलनेसाठी, युरोपीय संघात मार्च 2021 पासून नव्या मॉडेलचे ठरावीक सुटे भाग, मॉडेलची विक्री थांबल्यावरही, 10 वर्षं पुरवणं उत्पादकांना बंधनकारक आहे.

"हात लावला की झिणझिणतं, म्हणजे मशीन बाद." यात धोका खरा आहे, निष्कर्ष कच्चा आहे. पुष्कळ जुन्या घरांत तीन छिद्रांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या छिद्रामागे अर्थिंगची वायरच नसते, किंवा मे महिन्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत पडलेला असतो. अशा सॉकेटवर नवंकोरं मशीनही झिणझिणेल. आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्या. मशीनमध्येच मोठी गळती असेल तर तो आरसीसीबी लगेच पडतो आणि दोष कुठे आहे ते कळतं. तोवर ओल्या फरशीवर उभं राहून मशीन वापरू नये.

पुराच्या पाण्याबद्दल दोन टोकं आहेत. एक, पाणी शिरलं की मशीन भंगारात. दुसरं, दोन दिवस उन्हात वाळवा आणि चालू करा. दुसऱ्यानं जीव जाऊ शकतो. पाणी बाहेरून वाळलं तरी मोटरच्या वेटोळ्यांत ओल टिकते. मेगर लावून इन्सुलेशन तपासल्याशिवाय प्लग लावू नये. यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे पाणी कुठलं होतं. नागोठण्यात अंबा नदी चढते तेव्हा गोडं, गढूळ पाणी येतं. चिखल धुऊन, मोटर काढून, नीट सुकवल्यास साधं सेमी ऑटोमॅटिक मशीन बऱ्याचदा पुन्हा उभं राहतं. खाडीकाठच्या खारेपाटात मात्र उधाणाला खाडीचं पाणी अडवणारी खारबंदिस्ती फुटून पाणी घरात आलं, तर गोष्ट वेगळी. ते पाणी सुकतं आणि मीठ मागे राहतं. तेच मीठ हवेतली ओल ओढून घेतं आणि तांबं, जोड, बेअरिंग महिनोन्महिने खात राहतं. खारं पाणी बोर्डापर्यंत आणि मोटरपर्यंत पोहोचलं असेल, तर त्या मशीनवर खर्च करू नये, असं माझं मत आहे. आज चालू झालं तरी दिवाळीपर्यंत पुन्हा बसेल.

गंजाचंही तसंच बघावं. बाजूचा पत्रा गंजला तर घासून रंग लावता येतो. ज्यावर मोटर आणि टब तोललेला असतो तो खालचा सांगाडा भुगा होऊ लागला, की नवीन घ्या. मागच्या पडवीत पावसाची झड अंगावर घेणाऱ्या मशीनचं हे ठरलेलं असतं. ते टाळायला प्लास्टिकचं स्टँड आणि वर पत्र्याचा आडोसा, एवढंच लागतं.

"नवीन मशीन वीज वाचवतं, किंमत वसूल होते" हा दुकानातला आवडता युक्तिवाद. गार पाण्यात धुणाऱ्या सेमी ऑटोमॅटिकची मोटर तीन-चारशे वॅटची. अर्ध्या तासाच्या धुण्याला पाव युनिटही लागत नाही. त्यात वाचून वाचणार किती? वीज खाते ती पाणी तापवणारी कॉइल, आणि ती प्रामुख्यानं फ्रंट लोडमध्ये असते. पाण्याची बचत मात्र खरी आहे: फ्रंट लोडला साधारण 50 ते 60 लिटर लागतात, टॉप लोडला 100 च्या वर. एप्रिल-मेमध्ये टँकरकडे डोळे लावून बसणाऱ्या गावात हा फरक जाणवतो.

फ्रंट लोड बदलायची वेळ बहुधा बेअरिंगमुळे येते. मशीन बंद असताना ड्रम हातानं फिरवा. आतून खरखर येत असेल आणि ड्रम वरखाली हलत असेल, तर बेअरिंग गेलं. ते स्वस्त असतं, पण अनेक मॉडेलांत टबचे दोन भाग कायमचे जोडून बंद केलेले असतात, त्यामुळे सगळा टबच बदलावा लागतो. आठ-दहा वर्षांच्या मशीनला तो खर्च परवडत नाही.

नवीन घ्यायचं ठरलंच, तर आधी टाकीची उंची मोजा. ऑटोमॅटिक मशीनच्या व्हॉल्व्हला पाण्याचा दाब लागतो, आणि टाकीचं पाणी नळापासून निदान तीन मीटर वर असलं तर तो सहसा पुरतो. टाकी न्हाणीच्या छपरावरच असेल, तर मशीन "पाणी येत नाही" म्हणून अडून राहील. अडलं तर पाइप मशीनला जोडतो तिथली बारीक जाळी काढून बघावी. पावसाळ्यात ती गाळानं बुजते आणि जुन्या टूथब्रशनं दोन मिनिटांत साफ होते.