जीन कुणाच्या मापाची?

आमच्या वर्धा जिल्ह्यात 'जीन' म्हटले, की जुन्या माणसांच्या डोळ्यांसमोर कापसाच्या गाड्यांची रांग उभी राहते. कापसातून सरकी वेगळी करणारा कारखाना म्हणजे जीन. त्यामुळे "मला जीन घ्यायची आहे" असे मी घरी सांगितले, तेव्हा आबांनी गंभीरपणे विचारले, "एवढं भांडवल कुठून आणशील, पोरी?"

प्रस्तुत लेखाचा विषय अर्थातच दुसरी जीन. सेवाग्रामच्या शेजारी राहून हिच्यावर काय लिहायचे, असे कुणी म्हणेल. पण तीही शेवटी कापसाचीच लेक! जाड सुताचा उभा धागा निळीत रंगवायचा, आडवा पांढराच ठेवायचा आणि तिरपी वीण घालायची, म्हणजे डेनिम होते. आतली बाजू पांढुरकी दिसते ती यामुळे. १८७३ साली अमेरिकेत लेव्ही स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस या दोघांनी खिशांना तांब्याच्या रिव्हेटा ठोकण्याचे पेटंट घेतले, ते कष्टकऱ्यांच्या पँटींसाठी. फॅशन फार नंतरची.

मागच्या वर्षी एका तयार कपड्यांच्या दुकानात मी सात जीन घालून पाहिल्या. कमरेला बसणारी नितंबांवरून वर चढेना आणि वर चढलेली मागे कमरेपाशी इतकी उघडी राही, की मूठ आत जावी. विक्रेता म्हणाला, "तुमचा बांधाच बसत नाही, मॅडम." पडद्याबाहेर उभ्या मैत्रिणी हसल्या. पुढे आठवडाभर मी रात्रीची पोळी कमी केली, हे आता सांगायला हरकत नाही.

शेवटी आईच्या ओळखीच्या शिंपीकाकांकडे गेले. त्यांनी फीत टाकली आणि म्हणाले, "खोट तुह्या आंगात नाही, कापात आहे."

तयार जीनवर आकडे दोनच असतात, कंबर आणि लांबी. शिंप्याच्या वहीत मात्र सीट, आसन, मांडी, गुडघा, मोहरी अशी आणखी मापे असतात. त्यांत आसन सर्वांत महत्त्वाचे. पुढच्या कमरपट्टीपासून दोन पायांच्या मधून मागच्या कमरपट्टीपर्यंतचे हे अंतर. ते कमी पडले तर पँट काचते, जास्त झाले तर लोंबते. ज्यांचे पोट पुढे आहे त्यांनी (प्राध्यापकवर्गाने क्षमा करावी) आखूड आसनाची जीन घेऊच नये. ती पोटाखाली घसरते आणि दिवसभर वर ओढावी लागते.

मागे, पट्टीच्या खाली, दोन तिरप्या तुकड्यांचा जोड असतो, त्याला योक म्हणतात. जीनला चुण्या नसतात. पाठीमागची गोलाई हा योकच देतो. तो मध्यभागी खोल उतरता असेल तर माझ्यासारख्या रुंद सीटच्या आणि बारीक कमरेच्या व्यक्तीला बसतो. सडपातळ मुलांच्या अंगावर तोच मागे फुगतो. त्यांनी सपाट योक पाहावा.

काकांचा नियम असा: जीन सीटच्या आणि मांडीच्या मापाने घ्या, कंबर शिंप्यावर सोडा. पट्टी उसवून मागच्या मधल्या शिवणीतून दीड इंचापर्यंत कंबर आत घेता येते. त्याहून जास्त घेतली तर दोन्ही खिसे एकमेकांना भेटायला येतात. मांडीला घट्ट असलेली जीन मात्र सैल होत नाही, कारण आत सोडायला कापडच ठेवलेले नसते. रोज सायकल हाणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. बुटक्यांनी सरळ पायाची घ्यावी. निमुळती जीन खालून कापली, की तिचा अरुंद भागच निघून जातो.

लेबलवर विसंबू नका, घरून फीत न्या. ३० छापलेली पँट प्रत्यक्षात ३१-३२ भरते. ताणणाऱ्या धाग्याची असेल तर जरा अंगाबरोबर घ्या, संध्याकाळपर्यंत ती सैलावते. निव्वळ सुती जीन एकदा धुऊन मगच खालून कापावी. आणि दुकानात मांडी घालून बसून पाहा, लोक बघोत. हा काप मुळात खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी बेतलेला. आपली जेवणाची पंगत त्याच्या हिशेबात नाही.

आपल्या अंगाची मापेही त्या हिशेबात उशिराच आली. पंचवीस हजारांहून अधिक भारतीयांची शरीरे मोजून देशी मापे ठरवण्याचा राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेचा प्रकल्प जाहीर झाला तो २०१८ साली. मोजणीच्या सहा शहरांत महाराष्ट्रातले एकटे मुंबई. वऱ्हाडातल्या निंदणाऱ्या, वेचणाऱ्या अंगांची मापे त्यात कितपत उतरतील?

त्याआधी, १९९५ मध्ये, अरविंद मिल्सने 'रफ अँड टफ' नावाने एक युक्ती केली होती. डेनिमचे कापड, चेन, रिव्हेटा आणि बिल्ला एका पाकिटात घालून विकले, आणि शिवायचे गावच्या शिंप्याने, गिऱ्हाइकाच्या मापाने! काकांनी अशा बऱ्याच जीन शिवल्या. "सुया लई मोडल्या," एवढेच ते म्हणतात.

माझी जीन त्यांनी सव्वा इंच आत घेतली, मागचा पट्ट्याचा फासा काढून नव्या मध्यावर बसवला आणि साठ रुपये घेतले. दिवाळीच्या आधी पंधरा दिवस मात्र ते दुरुस्तीचे काम घेत नाहीत, आणि न धुतलेली जीन तर कधीच घेत नाहीत.